विदर्भाच्या फुफाट्यात कोणता छोटा कॅमेरा तग धरतो?

कॅमेरा घ्यायला निघालेला माणूस आधी मेगापिक्सेल विचारतो, मग झूम, आणि शेवटी किंमत. विदर्भात फिरायचं असेल तर हे प्रश्नच बदलावे लागतात. कॅमेरा बंद केल्यावर लेन्स आत सरकते का? मोहर्ली किंवा कोलाऱ्याच्या गेटातून ताडोबाच्या जंगलात जायचं आहे की नाही? बॅटरी कशाने चार्ज होते? ही तीन उत्तरं मिळाली की अर्धी यादी आपोआप गळते. मेगापिक्सेलची काळजी सोडून द्या. २० मेगापिक्सेलचा फोटो १२ बाय १८ इंचाच्या प्रिंटला झकास पुरतो आणि आज कामाचे बहुतेक कॅमेरे तेवढे देतातच.

इथे तपासलेले सगळे संच खांद्यावरच्या साध्या झोळीत मावणारे, सव्वा किलोच्या आतले आहेत. किमती मुद्दाम दिलेल्या नाहीत, त्या महिन्याला हलतात. लेन्सचे मिलिमीटर (आकडा मोठा तितका पल्ला लांब) सगळीकडे फुल फ्रेमच्या, म्हणजे ३६ बाय २४ मिमी सेन्सरच्या, हिशेबाने धरले आहेत, नाहीतर तुलनाच होत नाही. जिथे लेन्सवर छापलेला आकडा दिला आहे तिथे तसं म्हटलं आहे.

आधी फोनचा विषय मिटवू. फोनवर फिरतीचे बरेचसे फोटो चांगले निघतात, काही ठिकाणी तर कॅमेऱ्यापेक्षा सरस. लोणारचंच घ्या. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खालच्या तळ्याचा सुमारे १.२ किलोमीटर. काठावर उभं राहिलं की नुसतं तळंच ८० अंशांहून जास्त पसरलेलं दिसतं. २४ मिमीची लेन्स आडव्या फ्रेममध्ये ७४ अंश घेते, २८ मिमीची ६५. म्हणजे बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत तळ्याची टोकं कापली जातात आणि फोनच्या अल्ट्रावाइडमध्ये अख्खं तळं आभाळासकट बसतं. कॅमेऱ्यानेच काढायचं असेल तर तो उभा धरून डावीकडून उजवीकडे चार-पाच फ्रेम घ्या. प्रत्येक फ्रेममध्ये आधीच्या फ्रेमचा एक तृतीयांश भाग आला पाहिजे. एक्सपोजर मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स डेलाइटवर, फोकस पलीकडच्या काठावर एकदा घेऊन लॉक. हे ऑटोवर राहिलं तर प्रत्येक फ्रेम वेगळी उजळते आणि जोडल्यावर आभाळात पट्टे उमटतात. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावला असेल तर काढून ठेवा, इतक्या रुंद फोटोत तो आभाळाची एक बाजू गडद आणि दुसरी फिकट करतो.

पण ताडोबाच्या सफारीत फोन आत नेऊ देत नाहीत. तिथे कॅमेरा नसेल तर हात हलवत परत यावं लागतं. शिवाय कोअर, म्हणजे जंगलाचा मुख्य गाभा, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं. म्हणजे जंगलासाठी घेतलेला कॅमेरा पावसात फारसा वापरलाच जात नाही, त्याचा खरा सामना थंडीतल्या पहाटेशी आणि मार्च ते जूनमधल्या उन्हाशी-धुळीशी असतो. कॅमेऱ्यावर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं बघून भुलू नका, धूळ अडते का ते विचारा.

वाघ किती मोठा दिसेल

जिप्सीतून वाघ ४० मीटरवर दिसला असं धरू. त्या अंतरावर १०० मिमीला फ्रेमची रुंदी सुमारे साडेचौदा मीटर भरते. २०० मिमीला सात मीटर, ४०० ला साडेतीन, ६०० ला जेमतेम अडीच. वाघाचं शेपटी सोडून अंग दोन मीटरच्या आसपास. म्हणजे १०० ला तो झुडपातला पिवळा ठिपका, २०० ला जंगलासकट ओळखू येणारा वाघ, आणि ६०० ला फ्रेमभर वाघ. वाघ रस्त्यावरून जिप्सीकडे चालत आला तर हा सगळा हिशेब कोसळतो आणि २०० मिमी हेच नेमकं ठरतं, ६०० वाल्याला नुसतं नाक मिळतं. म्हणून झूम हवा, फक्त लांब पल्ल्याची एकच लेन्स घेऊन गाडीत बसू नये.

पल्ला मिळाला की उजेडाचा प्रश्न. एफचा आकडा वाढला की लेन्स कमी उजेड घेते, आणि ते भरून काढायला आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवावी लागते. सागाच्या झाडोऱ्यात सूर्य वर यायच्या सुमारास एफ/४ आणि १/२५० शटरला आयएसओ १६०० लागत असेल, तर त्याच उजेडात एफ/६.५ ला ४००० लागतो आणि एफ/८ ला ६३०० च्या घरात जातो. चालत्या वाघाला १/२५० हे किमान, मान झटकली की तेही कमी पडतं. छोट्या सेन्सरवर आयएसओ ४००० म्हणजे पट्ट्यांचा चिखल.

सुपरझूमची जाहिरात नेमकी इथे गप्प बसते. निकॉन पी९५० २४ ते २००० मिमी जातो, वजन किलोभर, व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) आहे, रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) आहे. दुपारच्या उन्हात, नवेगाव बांधच्या काठावरचे पक्षी, पौर्णिमेचा चंद्र, यासाठी एवढ्या पैशात दुसरं काही मिळत नाही. पण सेन्सर १/२.३ इंचाचा, म्हणजे अवघा २८ चौरस मिलिमीटर. एक इंची सेन्सर ११६, कॅननच्या एपीएस-सीचा ३३२. पूर्ण झूमला पी९५० एफ/६.५ वर पोचतो. एक इंची सेन्सर आणि एफ/४ यांच्यापुढे तो साडेतीन स्टॉपच्या आसपास मागे पडतो. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट. सकाळच्या फेरीत पहिला तास हा कॅमेरा जवळजवळ रिकामाच समजा. शिवाय उन्हाळ्यात दहा-अकरानंतर जमिनीतून झळा उठतात. १००० मिमीच्या पुढे त्या झळांनी सांबराची शिंगंही पाण्यातल्यासारखी हलताना दिसतात. तो दोष लेन्सचा नाही, मधल्या तापलेल्या हवेचा आहे, आणि कुठलंही स्टॅबिलायझेशन तो काढत नाही. जवळ जाणं एवढाच त्यावर इलाज.

पॅनासॉनिक टीझेड९९ खिशात मावतो, ३२२ ग्रॅम, २४ ते ७२० मिमी, यूएसबी-सी. कागदावर आदर्श. सेन्सर तोच छोटा, आणि व्ह्यूफाइंडरच नाही. एप्रिलच्या उन्हात स्क्रीन आरशासारखी होते. ७२० मिमीला हात लांब करून, स्क्रीनमध्ये चाचपडत वाघ शोधायचा म्हणजे वाघ गेल्यावर झाडाचा फोटो येणार. व्ह्यूफाइंडर नसलेला लांब झूम विदर्भात घेऊ नका, हे आमचं ठाम मत.

सोनी आरएक्स१०० मार्क ७ (२०१९) च्या तोडीचा या आकारात अजूनही दुसरा नाही. ३०२ ग्रॅम, एक इंची सेन्सर, २४ ते २०० मिमी, वर उचलून काढता येणारा छोटा व्ह्यूफाइंडर, सेकंदाला २० फ्रेम, आणि डोळ्यावर फोकस धरणारी चपळ यंत्रणा. वाघ फ्रेमभर मिळणार नाही, वाघ आणि त्याचं जंगल मिळेल. बऱ्याचदा तोच फोटो जास्त चांगला असतो. उणिवा तीन. धूळरोधक नाही. चार्जिंग जुन्या मायक्रो यूएसबीने. आणि बॅटरी स्क्रीनवर सुमारे २६० फोटोंची, म्हणजे बर्स्ट (बटण दाबून सलग फोटो) मारत बसलात तर सकाळची फेरीसुद्धा एका बॅटरीवर निभेल याची खात्री नाही.

त्याचा थोरला भाऊ आरएक्स१० मार्क ४ (२०१७) विदर्भासाठीच बनवल्यासारखा आहे. २४ ते ६०० मिमी, एफ/२.४ ते एफ/४, एक इंची सेन्सर, धूळ-ओलाव्याला बऱ्यापैकी दाद न देणारी बांधणी, आणि लेन्स बदलायचीच नसल्यामुळे सेन्सरवर धूळ बसण्याचा धोका फार कमी. वजन १०९५ ग्रॅम. त्याच उजेडात कॅननचा आर१० अधिक छापील १००-४०० लेन्स, म्हणजे ६४० मिमीला एफ/८, या जोडीपेक्षाही तो अर्धा स्टॉप पुढे राहतो, कारण एपीएस-सीचा मोठा सेन्सर दीड स्टॉप कमावतो पण एफ/८ दोन स्टॉप गमावतो. अडचण एकच: नवा मिळायला शोधाशोध करावी लागते, आणि जुना घेताना तपासून घ्यावा लागतो.

लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांत कॅनन आर५० (३७५ ग्रॅम) किंवा आर१० (४२९ ग्रॅम) आणि त्यावर छापील १८-१५० ची लेन्स (३१० ग्रॅम), म्हणजे २९ ते २४० मिमी, हा बहुतेकांसाठी शहाणपणाचा संच. पाऊण किलोच्या आत सगळं. गाव, किल्ला, देऊळ, पोळा, जिप्सी, सगळीकडे एकच लेन्स चालते आणि ती काढायची गरजच पडत नाही. निकॉन झेड५० मार्क २ च्या संचात दोन लेन्स येतात, छापील १६-५० आणि ५०-२५०. मिळून २४ ते ३७५ मिमी, वजन ११०० ग्रॅमच्या जवळ. पल्ला जास्त, पण ५० वर अदलाबदल करावी लागते आणि ती नेमकी बंडी धुरळा उडवत समोर आली असताना करावी लागते. दोन लेन्स घेतल्याच तर दिवसाला एकच लावून बाहेर पडा. बदलायचीच वेळ आली तर गाडीच्या काचा वर करा, पंखा बंद करा, बॉडीचं तोंड खाली धरा, आणि नवीन लेन्सचं मागचं झाकण आधीच सैल करून ठेवा, म्हणजे सेन्सर दोन-तीन सेकंदच उघडा राहतो.

धूळ आत कशी जाते

छोट्या कॅमेऱ्याची लेन्स नळीसारखी दोन-तीन टप्प्यांत बाहेर येते. बाहेर आलेल्या नळीवर फुफाटा बसतो. कॅमेरा बंद केला की नळी आत सरकते आणि धूळही सोबत ओढून नेते. सांध्याच्या कडेला तांबूस वळी दिसू लागते, मग झूम करताना किरकिर, आणि एक दिवस लेन्स अर्ध्यावर अडकते. कॅमेऱ्यात 'लेन्स एरर' आला की दुरुस्तीचा खर्च ऐकून माणूस नवाच घेतो. रिकोच्या जीआर थ्रीसारख्या कॅमेऱ्यात तर हीच धूळ लेन्सच्या मागून सेन्सरवर पोचते. तो कॅमेरा वापरणाऱ्यांची ही जुनी तक्रार आहे.

उपाय सोपा पण क्रमाने करायचा. फेरी संपल्यावर कॅमेरा लगेच बंद करू नका. लेन्स बाहेर असतानाच तोंड जमिनीकडे करून मऊ, रुंद ब्रशने नळीचा प्रत्येक टप्पा झटका. मेकअपचा नवा कोरा ब्रश उत्तम. मग रबरी ब्लोअरने सांध्यांभोवती फुंका, आणि त्यानंतरच बंद करा. ऑटो पॉवर ऑफ एक मिनिटावर असेल तर पाच मिनिटांवर न्या, नाहीतर जिप्सी चालू असताना लेन्स दर मिनिटाला आत-बाहेर करत धूळ दळत राहते. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे शिंतोडे काचेवर वाळतात. आणि पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर तर अजिबात नको. त्या हवेत तेल आणि पाणी दोन्ही असतं, आणि एवढ्या दाबाने धूळ बाहेर पडायच्या ऐवजी आत रुतते.

लेन्सला फिल्टर लागत असेल तर साधा यूव्ही लावून ठेवा. कॅनन १८-१५० ला ५५ मिमी, १००-४०० ला ६७ मिमी. पुढची काच वाचते, नळीच्या सांध्याला मात्र त्याचा उपयोग नाही. फुजी एक्स१०० सिक्स 'वेदर रेझिस्टंट' म्हणून विकला जातो, पण ते अॅडाप्टर रिंग आणि ४९ मिमी फिल्टर दोन्ही लावल्यावरच खरं. दोन्ही वेगळे विकत घ्यावे लागतात, हे दुकानदार बिल झाल्यावर सांगतो.

कापसाच्या जिनिंगमध्ये, मळणीच्या ढिगाजवळ, धानाच्या रोवणीच्या चिखलात जायचं असेल तर ओएम सिस्टिम टीजी-७ किंवा त्याआधीचा टीजी-६ हा एकमेव निर्धास्त पर्याय. लेन्स बाहेर येतच नाही, झूम आतल्या आत होतो. धूळ पूर्ण बंद, १५ मीटर पाण्यात चालतो, चिखलाने माखला तर सरळ बादलीत बुडवून धुवा, फक्त बॅटरीचं झाकण लॉक आहे ना ते दोनदा बघा आणि त्याच्या रबरावर रुईचा तंतू अडकलेला नाही याची खात्री करा. एका तंतूवरून पाणी आत जातं. मायक्रोस्कोप मोडमध्ये लेन्सपासून १ सेंटीमीटरवर फोकस होतो, त्यामुळे पऱ्हाटीच्या पानामागचा मावा किंवा बोंडातली गुलाबी बोंडअळी तो मोठ्या कॅमेऱ्यांहून सोप्या रीतीने दाखवतो. १०० मिमीच्या पुढे पल्ला नाही आणि सेन्सर छोटा, त्यामुळे जंगलात आणि अंधारात त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

ऊन, बॅटरी आणि लाइन

बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराची मर्यादा ० ते ४० अंश लिहिलेली असते. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याला सावलीतच ती ओलांडली जाते. फोटो काढताना सहसा काही होत नाही, फोरके व्हिडिओत मात्र छोट्या बॉडी तापून मध्येच बंद पडतात. उन्हाळ्यात व्हिडिओ फुल एचडीवर आणि तुकड्या-तुकड्यांत घ्या. खरा घात बंद गाडीत होतो. डॅशबोर्डवर कॅमेरा ठेवून जेवायला गेलात तर ग्रिपचं रबर सुटू लागतं आणि बॅटरी फुगते. डबा गरम ठेवायच्या जाड अस्तराच्या पिशवीत कॅमेरा ठेवा, पिशवी सीटखाली. त्यात बर्फ किंवा थंड पाण्याची बाटली ठेवू नका. ओल धरली की लेन्सच्या आत धुकं. ओला दुपट्टा गुंडाळायचा तर पिशवीच्या बाहेरून.

लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. दुपारी पत्र्याच्या खोलीत लावलेला चार्जर याच कारणाने लाल दिवा लुकलुकवतो. चार्जर बिघडलेला नसतो, बॅटरी तापलेली असते. रात्री चार्ज करा. आणि लाइन कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या गावात पॉवर बँकेचा हिशेब आधीच करून ठेवा. १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॉट-तास, त्यातले २४-२५ प्रत्यक्ष हाती लागतात. आरएक्स१०० ची बॅटरी साडेचार वॉट-तासांची, ती पाच वेळा भरेल. आर५० आणि आर१० ची साडेसातची, तीन वेळा. कॅननला आतल्या आत चार्ज करायला पॉवर डिलिव्हरी असलेली पॉवर बँक आणि दोन्ही टोकांना यूएसबी-सी असलेली केबल लागते; साध्या बँकेला जोडला तर दिवाच लागत नाही आणि कॅमेरा खराब आला असं वाटतं.

जादा बॅटऱ्या दोन घ्या, निदान एक कंपनीची. स्वस्त बॅटऱ्या चालतात, पण टक्के नीट दाखवत नाहीत. ४० वरून एकदम शून्य. विदर्भातल्या उन्हात त्या लवकर फुगतात, आणि फुगलेली बॅटरी खोबणीतून निघत नाही. बॅटरी किंचितही पोट काढून दिसली की ती वापरू नका.

पावसाळ्यात भंडारा-गोंदियाकडे उलटी तऱ्हा. एसी गाडीतून दमट हवेत कॅमेरा काढला की लेन्सवर वाफ धरते. गाडीतच झिपच्या पिशवीत टाकून बाहेर आणा आणि २०-३० मिनिटं पिशवी उघडू नका. घरी हवाबंद डब्यात १०० ते २०० ग्रॅम सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. डब्यातली आर्द्रता ४० ते ५० टक्के राहायला हवी. निळी जेल गुलाबी झाली की तिने ओल खाल्ली. निळ्या रंगात कोबाल्ट असतं, ती स्वयंपाकाच्या तव्यावर वाळवू नका. नारिंगी घेतलेली बरी.

गाव, देऊळ, रात्र

जंगल नको असेल तर लांब झूमचं ओझं वाहायचं कारणच नाही. चिखलदऱ्याच्या वाटेवरची कोरकू गावं, भामरागडचा बाजार, पोळ्याची मिरवणूक, इथे लहान कॅमेरा लोकांना बुजवत नाही. रिको जीआर थ्री २५७ ग्रॅमचा, २८ मिमीची एकच लेन्स, एपीएस-सी सेन्सर. अशा कामाला त्याच्यासारखा चटपटीत दुसरा नाही. पण बॅटरी २०० फोटोंची आणि धुळीचं वर सांगितलंच. फुजी एक्स१०० सिक्सचा फोटो देखणा, ३५ मिमी, एफ/२, ५२१ ग्रॅम. त्याच्या नावाचा बोलबाला मात्र त्याच्या कामापेक्षा जास्त आहे. एका लेन्सच्या कॅमेऱ्याला एवढे पैसे मोजण्याआधी आर५० बघा. यातला कुठलाही लोकांवर रोखायचा तो त्यांची परवानगी विचारून, हेही ओघाने आलं.

बैल आणि कापूस हे कॅमेऱ्याच्या मीटरला हमखास फसवतात. ऑक्टोबरनंतर फुटलेल्या पऱ्हाटीचं वावर फ्रेमभर घेतलं तर मीटर पांढऱ्याला राखाडी करतो. तिथे एक्सपोजर कॉम्पेन्सेशन +०.७ ते +१. काळ्या म्हशी फ्रेमभर असतील तर −०.७. पण तोच पांढरा बैल गडद जंगलापुढे लहानसा उभा असेल तर मीटर जंगल उजळायला जातो आणि बैल जळून पांढरा डाग होतो. तिथे उलट −१ लागतं. स्क्रीनवर फोटो पाहून ठरवू नका, उन्हात स्क्रीन खोटं बोलते. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) लावा, उजव्या भिंतीला टेकला की झालं नुकसान. शंकरपटात जोडी धावताना १/१००० च्या खाली येऊ नका.

मार्कंड्याच्या देवळांवरची शिल्पं भर दुपारी सपाट दिसतात. ऊन तिरपं पडतं तेव्हा, सकाळी किंवा दिवस कलताना, ८० ते १२० मिमीने एकेक मूर्ती वेगळी काढा. गाभाऱ्यात फ्लॅश नको, स्टॅबिलायझेशनवर भरवसा ठेवून १/१५ पर्यंत हातात चालतं.

झाडीपट्टीचं नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत रंगतं. मंचावरचे स्वस्त एलईडी आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५०० ने काढलात तर फोटोत आडवे काळे पट्टे येतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा आणि इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा. कॅनन जी७एक्स मार्क ३ इथे उजवा ठरतो. २४ ते १०० मिमी, एफ/१.८ ते एफ/२.८, ३०४ ग्रॅम. पुढच्या रांगेत बसलात तर कलावंताचा चेहरा भरून येतो. त्यालाही व्ह्यूफाइंडर नाही, पण रात्री त्याची उणीव भासत नाही.

सोबत काय

ट्रायपॉड जिप्सीत उघडतच नाही, तो घरी ठेवा. बीनबॅग, म्हणजे लेन्स टेकवायची दाण्यांची पिशवी, घ्या, रिकामी. ती ज्या गावात उतराल तिथे भरा, सव्वा किलो तूर किंवा तांदूळ. सरकीही चालते आणि पिशवी जिप्सीच्या दांड्यावर छान बसते, पण सरकीला रुई चिकटलेली असते. आतली पिशवी घट्ट विणीची नसेल तर तंतू थेट लेन्सवर. तीन बाजू दुहेरी शिवणीच्या आणि चौथीला चेन, एवढंच शिवायला सांगायचं, गावातला शिंपी तासाभरात देतो. लेन्स बीनबॅगवर टेकली की गाडीचं इंजिन बंद करायला सांगा, इंजिनाची थरथर १/२५० ला स्पष्ट दिसते.

कार्ड ६४ जीबीची दोन, व्ही३० खूण असलेली. १२८ चं एक घेण्यापेक्षा हे बरं, एक बिघडलं तर अर्धी सहल तरी वाचते. कार्डात बनावट माल फार. नवं कार्ड आधी पूर्ण भरून, संगणकावर सगळ्या फाइल उघडतात का ते बघा.

घ्यायचं ठरलं की नागपूरला बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) जाऊन हातात धरूनच घ्या. भारतातली वॉरंटी आणि जीएसटीचं पक्कं बिल नसेल तर चार-पाच हजार वाचवून उपयोग नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर आपला पिनकोड टाकून सर्व्हिस सेंटर कुठलं दाखवतं तेही आधी पाहून घ्या, नाहीतर वाशीम-गडचिरोलीहून प्रत्येक दुरुस्तीला कुरिअर.

सेकंडहँड आरएक्स१० किंवा आरएक्स१०० घेताना आपलं कार्ड घेऊन जा. झूम सात-आठ वेळा आत-बाहेर करा आणि कान लावून ऐका, किरकिर नको. लेन्स पूर्ण बाहेर काढून मोबाइलचा दिवा तिरपा पाडा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी, तो सौदा तिथेच सोडा. मग बाहेर येऊन आभाळाकडे, फोकस मुद्दाम बिघडवून, सगळ्यात लहान अॅपर्चरवर एक फोटो काढा आणि संगणकावर मोठा करून बघा. काळे ठिपके कोपऱ्यात एक-दोन असतील तर भाव करा. झूम बदलल्यावरही ते त्याच जागी राहिले, तर ते सेन्सरवर आहेत. अशा बंद लेन्सच्या कॅमेऱ्यात ते काढायला सगळा कॅमेरा उघडावा लागतो, तेवढा खर्च वजा करूनच किंमत बोला.